अबोल्यातलं बुरणूस

चांगुणे,

तुझं शेवटचं बुरणूस माझ्या गच्चीवर उन्हात पडलं आहे आणि ते कॅनडाला पाठवायचं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. "पोरांना पाठवा," एवढंच तू म्हणालीस. मी म्हणाले, "बघू." माझ्या 'बघू'चा अर्थ इतक्या वर्षांत तुला चांगला कळला होता, म्हणून तू भिंतीकडे तोंड केलंस. आपलं शेवटचं बोलणं तेच. त्यानंतरही काही दिवस तू होतीस, पण बोलण्यापुरता श्वास तुझ्याकडे उरला नव्हता.

हे तुला लिहिते आहे, पण वाचणार आहेत कॅनडातली माझी नातवंडं, नीता आणि समीर. तुला वाचता येत नव्हतं. मी पाटी घेऊन शिकवायला बसले की तुझी एखादी कोंबडी नेमकी तेव्हाच ओरडायला लागायची आणि तू अंडं शोधायला जायचीस ती परत यायची नाहीस. तेव्हा तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टी मुलांसाठी मला पुन्हा सांगाव्या लागणार. "ते काय मला म्हाईत नाय का?" म्हणून मध्येच उठू नकोस.

मुलांनो, चांगुणाआजी म्हणजे तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची, दामूची बायको. माझी जाऊ. मागे तुम्ही आलात तेव्हा पोशीर नदीच्या पलीकडच्या आपल्या गावच्या घरी ओटीवर, उघड्या हवेत, तिने केलेल्या कोऱ्या बुरणुसावर झोपला होतात, आणि समीरने खुराड्यात हात घालून बोट टोचवून घेतलं होतं. बुरणूस म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, पण ते विणलेलं नसतं. त्यात उभा धागा नाही, आडवा धागा नाही, मुळात सूतच नाही. पिंजलेली लोकर थरावर थर पसरायची, तिच्यावर रिठ्याचं कढत पाणी शिंपडायचं, चटईत गुंडाळून दोरीने आवळायचं आणि गुडघ्यावर बसून कोपरापासूनच्या हातांनी पुढे-मागे लाटत राहायचं. सोडायचं, फिरवायचं, कडा ओढायच्या, परत गुंडाळायचं. असं दिवसभर केल्यावर लोकर एकमेकींत अशी रुतून बसते की ओढूनही सुटत नाही. आणि मोठं बुरणूस एकटीने होत नाही. दोघी लागतात. माझ्या आणि चांगुणेच्या गोष्टीत हे नीट लक्षात ठेवा.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी त्या घरात काही वर्षं जुनी होते, पण तुझ्याहून परकी. मी पनवेलची. मॅट्रिक होऊन कर्जतच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. यांची कोर्टातली नोकरी, त्यामुळे आमचं बिऱ्हाड कर्जतला आणि सुट्टी लागली की गावी. गावात मला काही येत नव्हतं. भाताच्या आवणात उतरले की पाय रुतायचा, चूल फुंकली की विझायची. सासूबाई मला 'पाव्हनी' म्हणायच्या आणि ते कौतुकाने नव्हे. तू घाटावरून आलीस, जुन्नरकडच्या एका वाडीतून. माहेरी तुमच्या शेजारी पिंजाऱ्यांचं घर होतं, त्यांच्या अंगणात तू वाढलीस. म्हणून तुझ्या पेटीबरोबर बैलगाडीतून लोकर पिंजायचं धनुष्यासारखं एक पिंजणही उतरलं, आतड्याची तात लावलेलं, माणसाएवढं उंच. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"अगं बाय, ही सून आनली का पिंजारी?"

नव्या नवरीने खाली मान घालायची असते. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "एका हळदीत दोन आल्या, आत्याबाय. तुमचाच फायदा."

त्या वर्षी भात कापून झाल्यावर धनगर मेंढरं घेऊन घाट उतरले आणि खतासाठी आपल्या शेतात बसले. त्यांच्याकडून तू लोकर घेतलीस, धुतलीस, पिंजलीस आणि मग सगळ्या बायकांकडे एकेक करून बघितलंस. कोणाला पाखडणी, कोणाला झोडणी, कोणाला गुरं. बसून होते ती एकटी मी.

"बाई, तुमाला खडू धरून दुखत नसतील हात, तर या हितं."

तिथपासून दर थंडीत मी तुझ्याशेजारी गुडघ्यावर बसले. तुझं बुरणूस मधे भक्कम आणि कडेला लाटांसारखं असायचं. मला वाकडी कड बघवत नाही. मी कडा धरायला लागले, ओढून सरळ करायला लागले, कोपरे काटकोनात आणायला लागले. तू सगळ्या गावाला सांगत सुटलीस, "आमच्या बाईनं बुरणुसाला शाळेत घातलं." पण पुढे माथेरानच्या घोडेवाल्यांनी नेरळहून निरोप धाडला की खोगिराखाली घालायला असलीच सरळ, सारख्या जाडीची तुकडी हवी, घोड्याची पाठ सोलत नाही. तेव्हा तू तो निरोप मला दोनदा ऐकवलास. सासूबाई मला 'पाव्हनी' म्हणायच्या बंद कधी झाल्या ते आठवत नाही, पण झाल्या. ते तुझ्यामुळे. हे तुला तोंडावर सांगायचं राहिलं. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

कोंबड्या तुझ्या आधीपासून घरात होत्या, पण तू त्यांना नावं दिलीस. एक काळी होती. एक तुरेवाली उंच कोंबडी होती, ती मान ताठ करून चालायची आणि बाकीच्यांना टोचून रांगेत ठेवायची. तिचं नाव तू 'मास्तरीण' ठेवलंस. मला ते वर्षभर कळू दिलं नाहीस. एकदा मी ओटीवर बसले असताना तू अंगणातून ओरडलीस, "मास्तरनी, उकिरड्यावरून खाली उतर, लाज वाटत नाय?" आणि मी उभी राहिले. ती मेली की दुसऱ्या एखादीला तू तेच नाव द्यायचीस. तुझ्या अंगणात मास्तरीण नाही असं कधी झालं नाही.

दामूभावजींबद्दल मुलांना थोडं सांगायला हवं. ते ट्रकवर क्लीनर म्हणून लागले, मग ड्रायव्हर झाले, मग घरी येणं कमी झालं आणि मग थांबलंच. कुंभिवलीजवळ, मुंबई–पुणे रस्त्याच्या कडेला त्यांनी दुसरं घर केलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. कोणी मुद्दाम विचारलं की तू म्हणायचीस, "हायेत कामावर." तुला मूल नव्हतं. सासूबाई गेल्या. त्या घरात तू, लोकर आणि कोंबड्या. अंडी विकायचीस, बुरणुसं विकायचीस, दुपारी ओटीवर पाय पसरून बसायचीस. ती तुझी चांगली वर्षं, असं मी म्हणते. तू कधी तसं म्हणाली नाहीस.

आणि मग तो रविवार. तू अंगणात लोकर वाळवत होतीस, मी ओटीवर पेपर तपासत बसले होते, दिवेलागण व्हायला आली होती. बांधापाशी एक टेंपो थांबला. दोघांनी एका माणसाला काखेत धरून उतरवलं, बांधावर बसवलं आणि टेंपो निघून गेला. मला ओळखायला वेळ लागला. तुला लागला नाही. त्यांच्या रुमालाला रक्त होतं. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले.

"चांगुणे, आत घेऊ नकोस. टीबी आहे हा. आत्ताच कर्जतला दवाखान्यात नेऊ, मी बरोबर येते."

"न्यू की दवाखान्यात. आदी आत तर यू द्या."

"आत म्हणजे एका खोलीत. तिथेच तू झोपणार, तिथेच जेवणार."

"मंग कुटं झोपू? खुराड्यात?"

"ज्या घरात इतकी वर्षं काढली त्या घराने बाहेर काढलं म्हणून आलेत ते. तुझ्यासाठी नाही आले."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"मंग काय, बाई? आलेत."

मी तेव्हा जे म्हणाले ते मुलांनाही जसंच्या तसं सांगते. मी म्हणाले, "मग त्यांच्या मागोमाग तूही जाशील. अशीच खोकून खोकून."

दामूभावजींनी ऐकलं. त्यांनी मान खाली घातली. तू हातातली लोकर टोपलीत ठेवलीस. "बाई, दिवा लावायच्या वक्ताला माज्या दारात असं बोललात," म्हणालीस, माझ्याकडे पाठ केलीस आणि बांधावर जाऊन त्यांना उठवलंस. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलली नाहीस.

तुझ्या मते मी अभद्र बोलले होते. दिवेलागणीला घराच्या दारात उच्चारलेलं खरं होतं, असं तू मानत होतीस. मी तसं मानत नाही, आजही. टीबीचा रोगी आणि निरोगी माणूस एका बंद खोलीत वर्षानुवर्षं राहिले तर काय होतं, हे शाळेतल्या आरोग्याच्या पुस्तकात छापलेलं असतं. मी नियम सांगितला. शाप देणं आणि नियम सांगणं यात फरक आहे, चांगुणे. तो तुला मी कधी पटवू शकले नाही आणि आता तू गेल्यावर गावातही कोणाला पटत नाही. "बाई बोलल्या आन तसंच झालं," असं बायका म्हणतात. माझ्यासमोर म्हणत नाहीत, एवढंच.

पुढच्या थंडीत गावाकडून निरोप आला, "चांगुणा म्हनते, लोकर पिंजून झाली." 'या' नाही, काही नाही. मी गेले. न जाऊन काय करणार? तू अबोला धरला होतास, बुरणुसाने धरला नव्हता. आपण शेजारी-शेजारी गुडघ्यावर बसलो आणि लाटायला लागलो. पण बुरणूस मुक्याने होत नाही. कधी थांबायचं, कधी सोडायचं, कधी पाणी घालायचं, हे बोलावं लागतं. तू अंगणाकडे तोंड केलंस.

"मास्तरनी," तू कोंबडीला म्हणालीस, "पानी निवत चाललं. कुनाला दिसत नाय का?"

मी दुसरीकडे तोंड केलं. "काळे, तिला सांग, मी कडा धरल्या आहेत. ज्याचे हात मोकळे आहेत त्याने पाणी तापवावं."

"मास्तरनी, कडा काय पळून चालल्या?"

"काळे, मागच्या खेपेला पळाल्या होत्या. घोडेवाल्याने परत केली होती ती तुकडी."

"मास्तरनी, तोंड लई चालतं तुजं."

ओटीवरच्या खाटेवरून दामूभावजी म्हणाले, "वयनी, त्या कोंबड्या येड्या व्हतील वो. मला तरी मदी घ्या." आणि ते हसले. हसता हसता खोकला सुरू झाला आणि थांबेना. तू उठलीस. हात रिठ्याच्या फेसाने भरलेले होते, तसेच त्यांच्या पाठीवरून फिरवत राहिलीस. मी इकडे एकटी लाटत होते. ते बुरणूस एका अंगाला जाड झालं आणि विकण्यासारखं राहिलं नाही. तू ते त्यांच्याच खाटेवर घातलंस.

असं चालत राहिलं. डॉक्टरांनी त्यांना अंडी आणि सूप सांगितलं होतं. अंड्यावरची कोंबडी तू आयुष्यात कापली नव्हतीस. आता एकेक कापायला लागलीस. मी यायचे तेव्हा अंगण दर वेळी जरा जास्त शांत असायचं. एका थंडीत काळीही दिसली नाही. मी विचारलं नाही, विचारणार कोणाला? त्या वर्षी आपल्या दोघींना बोलायला एकटी मास्तरीण उरली. तू तिच्या डाव्या बाजूने बोलायचीस, मी उजव्या बाजूने. याचं मला तेव्हा हसू यायचं नाही. आज येतं आणि मग बराच वेळ जेवण जात नाही.

त्या माणसाबद्दल मला राग होता आणि आहे. पण एक कबूल करायला हवं, तू त्यांना कधी बोलून दाखवलं नाहीस. माझ्याशी अबोला, त्यांच्याशी नाही. हे मला सगळ्यात लागलं. ज्याने टाकलं त्याला सूप आणि जी शेजारी बसून हात झिजवते तिच्याशी बोलायला कोंबडी. याचा जाब तुला विचारायचा होता. विचारला नाही, कारण तू उत्तर कोंबडीला दिलं असतंस.

दामूभावजी गेले. निरोप मिळताच आम्ही दोघं कर्जतहून निघालो. दारात बायका बसल्या होत्या. मी पायरीवर पाय ठेवला आणि आतून तुझा आवाज आला, "बाई, पायरी निसरडी हाय. जपून." इतक्या वर्षांचा अबोला तिथे संपला. मी आत जाऊन तुझ्याशेजारी बसले.

पण तू खोकत होतीस.

"धूळ हाय लोकरीची," तू म्हणालीस. लोकर पिंजताना धूळ उडते हे खरं, पण त्या दिवशी घरात लोकर नव्हती. मी तुला कर्जतला नेलं. फोटो काढला, थुंकी तपासली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि समजावलं की दीड वर्ष, एकही दिवस न चुकता. महिन्याच्या गोळ्या एकदम मिळायच्या. मी त्या बिस्किटाच्या डब्यात भरून तुझ्या फळीवर ठेवायचे. तुझं वजन वाढलं, चेहरा भरला. तू परत कोंबड्या वाढवल्यास. नवी मास्तरीण आली. मला वाटलं, नियमाने वागलं की असं होतं.

उन्हाळ्यात मानमोडी आली. मुलांनो, हा कोंबड्यांचा रोग. घसा घरघरतो, चोच उघडी पडते, शेवटी मान पिरगळल्यासारखी होते आणि दोन-तीन दिवसांत सगळं खुराडं रिकामं होतं. मी आले तेव्हा तू घरामागच्या परड्यात खड्डा करून चुना टाकत होतीस. उरलेल्या दोन-चार कोंबड्या डोळे मिटून कोपऱ्यात बसल्या होत्या. मी सवयीने डबा उघडला. महिना अर्धा जायचा होता आणि डबा रिकामा होता.

"गोळ्या कुठे आहेत?"

"दिल्या."

"कोणाला?"

"यांना. कुटून, भातात घालून." तू खुराड्याकडे हात केलास. "यांचंबी छातीत तसंच घरघरत व्हतं. म्हनलं, छातीचं औशद हाय, छातीला लागंल."

"चांगुणे, माणसाच्या गोळ्या आहेत त्या! तुझ्या आहेत!"

"सगळ्या नाय दिल्या. मीबी खाल्ल्या की." तू थोडी शरमलीस. "वाटून घेतल्या."

मग हळूहळू कळलं की हे पहिल्यांदा नव्हतं. कोंबडी मलूल दिसली की अर्धी गोळी तिला, अर्धी तुला, असं तू कित्येक महिने करत होतीस. दवाखान्यात जास्त मागायची लाज वाटत होती. 'बाई बोलतील' अशीही धास्ती होती. मी बोललेच. अंगणात उभी राहून, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं.

"कोंबड्यांसाठी मरणार आहेस का तू?"

तू फावडं टेकवलंस आणि हसलीस. खरोखर हसलीस.

"बाई, दुसऱ्यांदा बोललात."

संध्याकाळपर्यंत मास्तरीणही गेली. तिला खड्ड्यात तू ठेवलंस, माती मी ओढली.

डॉक्टरांनी नंतर मला समजावलं. गोळ्या अर्ध्यामुर्ध्या पोटात गेल्या की रोग मरत नाही, त्याला त्या गोळीची सवय होते. मग तीच गोळी पूर्ण घेतली तरी लागत नाही. तसंच झालं. इंजेक्शनं झाली, दुसऱ्या गोळ्या झाल्या. तू शहाण्या मुलीसारखं सगळं घेतलंस, पण उशिरा. तुझा चेहरा पुन्हा आत गेला. तरी पुढच्या हंगामात तू शेजारणीची खुडूक कोंबडी मागून आणलीस, टोपलीत भाताचा कोंडा घातलास, गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून त्यात एक खिळा आणि कोळसा ठेवलास आणि कोंबडी बसवलीस. मी खिळ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या. तुमाला काय टोचतोय?"

गेल्या वर्षी नीता आणि समीर येऊन गेले. ते गेल्यावर तू मला विचारलंस, "तिकडं लई थंडी ना, बाई?"

"बर्फ पडतो. पण घरं गरम असतात."

"घर गरम आसंल. भुई?"

त्या थंडीत तू धनगरांकडून फक्त जावळ घेतलंस, कोकरांची पहिली कातर, सगळ्यात मऊ. पिंजायला तुला फार दिवस लागले. थोडं पिंजायचीस आणि भिंतीला टेकायचीस. मला निरोप आला आणि मी गेले. लाटायला बसताना मी नाकावर रुमाल बांधला. नियम आहे तो, मी बांधला. तू पाहिलंस. आत गेलीस आणि आपल्या तोंडावर दुहेरी फडकं बांधून आलीस.

"पोरांच्या लोकरीत नको," म्हणालीस.

अशा तोंडं बांधलेल्या आपण दोघी दिवसभर लाटत होतो. तुझ्या हातांत जोर नव्हता. तू नुसते हात टेकवत होतीस, ढकलत मी होते. मध्येच तू बाजूला वळून, लांब जाऊन खोकायचीस आणि परत यायचीस. मी म्हणाले, दुसऱ्या कोणाला तरी बसवू. तू म्हणालीस, "दुसरीला कडा येतात का?" तुझ्याकडून मला मिळालेली ही एवढीच शाबासकी, आणि तीही फडक्याआडून.

तू गेलीस. त्या दिवशीचं मी लिहिणार नाही. तुझे हात लाकडासारखे हलके झाले होते, एवढं पुरे.

नंतर घर आवरायचं काम माझ्याकडेच आलं. कोंबड्या शेजारीण घेऊन गेली. अंथरुणं मी परड्यात नेली. लोकर पेटत नाही, चांगुणे, तुला ठाऊक असेल. काडी लावली की वळवळते, काळी पडते आणि विझते. केस जळल्यासारखा वास येतो. पेंढा घालावा लागला, रॉकेल घालावं लागलं. तुझं बुरणूस, दामूभावजींचं ते एका अंगाला जाड झालेलं, सगळं दुपारभर धुमसत होतं आणि शेजारीण पदर नाकाला लावून म्हणत होती, "बाई, ऱ्हाऊ द्या ना, चांगल्या वस्तू हायेत." मी जाळलं. ते योग्यच होतं.

मुलांचं मात्र बाजूला ठेवलं. ते घेऊन मी कर्जतला डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. कसं केलं, कोणी केलं, तोंडाला काय बांधलं होतं. त्यांनी हात फिरवून पाहिलं. म्हणाले, "कढत पाण्यातून निघालंय. आता चार दिवस कडक ऊन दाखवा. उन्हात हे जंतू टिकत नाहीत. खुशाल पाठवा, बाई. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला मी काय सांगू?"

चार दिवस केव्हाच झाले. मी रोज सकाळी ते गच्चीवर नेते, दुपारी उलटते, ऊन उतरलं की आत आणते. कडा सरळ आहेत. मधे एका जागी तुझ्या दोन तळव्यांचा दाब जरासा जास्त पडला आहे, तिथे हात ठेवला की कळतं. कापड, सुतळी, पत्ता, सगळं तयार आहे. दोनदा गुंडाळलं आणि दोनदा सोडलं. गुंडाळताना समीर त्यावर पालथा झोपलेला दिसतो, नाक लोकरीत खुपसून, तो झोपायचा तसा. आणि मला तुझा खोकला ऐकू येतो. लांब जाऊन, पाठ फिरवून खोकलेला.

तुझ्या दारात आडवी उभी राहून मी तुला नियम सांगितला होता आणि तू तो बाजूला सारून पुढे गेलीस. कारण विचारलं तर म्हणालीस, "आलेत." एवढंच. ते कारण मला कधी पटलं नाही. आज नियम 'पाठव' म्हणतो आणि मला विचारलंस तर माझ्याकडे तुझ्याएवढंसुद्धा कारण नाही.

मुलांनो, बुरणूस तुमच्याकडे येणार नाही. चांगुणाआजीने ते तुमच्यासाठी केलं होतं, सगळी काळजी घेऊन केलं होतं आणि ते स्वच्छ आहे. ते न पाठवणारी मी आहे, हे तुम्हाला माहीत असू दे.

चांगुणे, तुला काय बोलायचं ते बोल. या खेपेला नियम तुझ्या बाजूला आहे, आणि मी ऐकत नाही.